मुळांची हाक कोणासाठी?

मंडळी, ज्वारीतला टारफुला तुम्हाला माहीत आहे. त्याचं धुळीएवढं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. जवळ मूळ आलं की ते रुजतं, मुळाला चिकटतं आणि रस शोषतं. पण त्याला कळतं कसं?

१९५६ साली हे तण अमेरिकेत, कॅरोलिनांमधल्या मक्यावर सापडलं आणि शोधाला जोर आला. १९६६ मध्ये कुक आणि सहकाऱ्यांनी मुळांतून पाझरणारं ‘स्ट्रायगॉल’ वेगळं केलं, तेही कापसाच्या मुळांतून! कापसावर टारफुला जगत नाही; बी रुजतं आणि उपाशी मरतं. म्हणून फेरपालटीत कापूस उपयोगी.

मग पीक आपल्याच वैऱ्याला हाक का मारतं? या प्रश्नाने ३९ वर्षं घेतली. २००५ मध्ये जपानच्या अकियामा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ही हाक असते मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीला. ती झाडाला स्फुरद आणून देते. स्फुरदाची टंचाई झाली, की ज्वारीसारखी पिकं हाक वाढवतात. टारफुला ती चोरून ऐकतो. हलक्या जमिनीत तो माजतो, त्याचं हे एक कारण. तेव्हा तण उपटाच. पण जमिनीची भूकही भागवा.