मद्यसेवनाच्या मोजमापाचा इतिहास : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
तरुण व्यक्ती एका बैठकीत नेमके किती मद्य घेते, हे शोधणे वरवर सोपे वाटले तरी प्रत्यक्षात अवघड आहे. राम गणेश गडकरी यांच्या १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकाचे 'एकच प्याला' हे नावच ही अडचण सूचित करते. पिणाऱ्याच्या हिशेबात प्याला बहुधा एकच असतो. अलीकडच्या काळात स्मार्टफोनने प्रत्येक पेल्याचे छायाचित्र घेऊन सेवन मोजण्याची पद्धत विकसित झाली आहे. या पद्धतीचा विचार करताना आपल्या प्रदेशात मद्य आजवर कोणी, कोठे व कशासाठी मोजले, हे पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्याच्या संदर्भात हा आढावा घेतला आहे.

१) निजामकालीन आबकारी :
परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. आबकारी हा संस्थानाच्या उत्पन्नाचा एक प्रमुख स्रोत होता. फसली १३१६, म्हणजे इ.स. १९०६-०७ च्या हैदराबाद आबकारी कायद्याने या व्यवस्थेला कायदेशीर चौकट दिली. सिंदीची मोजणी झाडागणिक करावरून, मोहाच्या दारूची भट्टीतून निघालेल्या मालावरून आणि दुकानाची लिलावात बोललेल्या रकमेवरून होत असे. गुत्तेदाराने सरकारात किती भरणा केला, याची नोंद ठेवली जाई. गावातील कोणत्या माणसाने किती प्याली, याच्याशी दप्तराला कर्तव्य नव्हते. थोडक्यात, हे मोजमाप महसुलाचे होते.

२) दारूबंदी कायदा आणि रक्ततपासणी :
मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम आला. परवान्याशिवाय मद्य पिणे हाच गुन्हा ठरला. मात्र १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधांना लागू होणाऱ्या काही तरतुदी अवैध ठरविल्या. यातून नवा पेच निर्माण झाला. तोंडाला येणारा वास दारूचा की औषधाचा, हे कसे ठरवावे? बेहराम पेसिकाका खटल्यात नेमका हाच बचाव पुढे आला आणि सर्वोच्च न्यायालयाने सिद्धतेचा भार सरकार पक्षावरच असल्याचे मानून शिक्षा रद्द केली. त्यानंतर १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली व रक्ततपासणीचे नियम करण्यात आले. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून अधिक मद्यार्क आढळल्यास, ते औषधातून आल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आली.

परभणी १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्यासह द्विभाषिक मुंबई राज्यात आले होते. १९५९ च्याच विस्तार व सुधारणा अधिनियमाने हा कायदा पूर्वी लागू नसलेल्या प्रदेशातही आला. अशा रीतीने या जिल्ह्यात व्यक्तीच्या शरीरातील मद्याचे कायदेशीर मोजमाप सुरू झाले, ते आरोपीचे मोजमाप म्हणून.

३) सर्वेक्षणातील उत्तरे :
आरोग्याच्या दृष्टीने मोजमाप त्यानंतर आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार भारतात १५ वर्षांवरील १८.८ टक्के पुरुष व १.३ टक्के स्त्रिया मद्य घेतात. हे सर्वेक्षण मद्य घेता का व किती वेळा, हे विचारते. प्रमाण विचारत नाही. शिवाय घरातील मंडळी कानावर असताना दिलेले उत्तर कितपत मोकळे असेल, हा प्रश्न उरतोच.

४) छायाचित्राची पद्धत : शक्यता व मर्यादा :
स्वित्झर्लंडमधील लोझान व झ्युरिक येथे २०१४ मध्ये 'युथ ॲट नाईट' या अभ्यासात १६ ते २५ वयोगटातील तरुणांनी आठवड्याच्या अखेरच्या रात्री आपल्या पेयांची छायाचित्रे फोनवरून नोंदविली. या पद्धतीत दुसऱ्या दिवशीच्या स्मरणावर विसंबावे लागत नाही.

आपल्याकडे बंद बाटलीच्या बाबतीत हे शक्य आहे. महाराष्ट्रातील देशी दारूच्या बाटलीवर ४२.८ टक्के ही तीव्रता छापलेली असते. म्हणजे १८० मिलीच्या बाटलीत सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. १० ग्रॅमचे एक प्रमाण पेय धरल्यास ही सहा पेये होतात. पाच टक्क्यांच्या ६५० मिली बिअरमध्ये मात्र सुमारे २६ ग्रॅमच भरतात. 'एक बाटली' या उत्तरात दडलेला हा फरक छायाचित्र उघड करू शकते.

परंतु हातभट्टीच्या दारूवर छापील तीव्रता नसते. सिंदी जसजशी आंबते तसतशी तिची तीव्रता वाढते. पाणी मिसळलेल्या पेल्यात मूळ मद्य किती, हेही चित्रात दिसत नाही. एकाच बाटलीतून चौघे पीत असतील तर वाटणीचा हिशेब लागत नाही.

याहून गंभीर अडचण कायद्याची आहे. १९४९ चा अधिनियम आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे. बिअरसाठी २१ व तीव्र मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे आणि सेवनासाठी परवाना लागतो. त्यामुळे परभणीतील वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने संशोधकाला पाठविलेले छायाचित्र ही त्याच्या अपराधाची, वेळेसह झालेली नोंद ठरू शकते. लोझानच्या तरुणासमोर हा प्रश्न याच स्वरूपात नव्हता; तेथे १६ व्या वर्षी बिअर कायदेशीर आहे.

निष्कर्ष :
वरील आढाव्यावरून असे दिसते की, या जिल्ह्यात मद्य प्रथम करासाठी व नंतर शिक्षेसाठी मोजले गेले. पिणाऱ्याच्या हितासाठी मोजण्याची परंपरा येथे अल्प आहे. म्हणून उत्तर देणाऱ्याचा संकोच हा केवळ लोकलज्जेचा भाग नसून त्यामागे इतिहासाने शिकविलेली सावधगिरीही आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकांनी असे संशोधन हाती घेतल्यास छायाचित्रातून चेहरा, स्थळ व नाव वगळणे, मोजणी होताच ते नष्ट करणे आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांकडून ते न मागणे, ही किमान पथ्ये पाळावी लागतील. ज्याच्या हाती अंतर्गत गुण आहेत, त्याने मागितलेली संमती मुक्त असेलच असे नाही. साधन कितीही अचूक असले तरी मोजणाऱ्यावरचा विश्वास नसेल, तर तरुणाच्या फोनमधूनही पुन्हा 'एकच प्याला' हेच उत्तर येईल.