ट्रॉली (घरगुती बनावटीची)

चित्रीकरणात कॅमेरा संथपणे, हिसका न बसता पुढेमागे नेण्यासाठी रुळांवर चालवला जाणारा चाकांचा पाट. पलूस तालुक्यात (जि. सांगली) ट्रॉली म्हटले की आधी डोळ्यांपुढे येते ती ट्रॅक्टरमागची उसाची. शूटिंगची ट्रॉली जेमतेम दोन-अडीच फुटांची असते, पण कसब तेच लागते : कटिंग, वेल्डिंग, होल मारणे आणि बेअरिंग नीट बसवणे. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना आणला, तेव्हापासून या भागाला लोखंडाची सवय आहे.

सिनेमाची यंत्रे स्वतः घडवण्याची परंपराही शेजारचीच. कोल्हापुरात आनंदराव पेंटर यांनी कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. 1916 मध्ये ते वारले. त्यांचे चुलतबंधू बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून 1918 मध्ये तो पुरा केला. ‘सैरंध्री’ (1920) हा मूकपट या घरच्या कॅमेऱ्यातून उतरला. परदेशातही पैसा कमी पडला की जुगाड झालेच : दिग्दर्शक गोदारच्या ‘ब्रेथलेस’मध्ये (1960) कॅमेरामनला चाकांच्या खुर्चीत बसवून ढकलले होते.

बनावट : 18 मि.मी. प्लायवूडच्या खाली चार कोपऱ्यांत लोखंडी अँगलचे चार तुकडे उलटे, छपरासारखे बसवतात. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही पाखांना एकेक चाक, म्हणजे एकूण आठ चाके. त्यामुळे चाकांची प्रत्येक जोडी रुळाच्या पाइपाला दोन्ही अंगांनी धरते आणि ट्रॉली रुळावरून उतरत नाही. स्केटिंगची चाके चांगली, त्यांत 608 नंबरचे बेअरिंग (आत 8, बाहेर 22 मि.मी.) बसते. रुळांसाठी शेतातला जाड पीव्हीसी पाइप चालतो. मात्र उन्हात तो नरमतो आणि दोन आधारांमध्ये झोळ पडतो, म्हणून आधार जवळजवळ द्यावेत. दोन्ही रुळांचे सांधे समोरासमोर आणू नयेत. एकाच वेळी दोन्ही चाके आदळली की फ्रेममध्ये ठोका स्पष्ट दिसतो.

खरे काम रूळ अंथरण्याचे. काळ्या रानात एक फूट जागाही सपाट नसते. गवंड्याची पाण्याची लेव्हल-ट्यूब इथे महागड्या साधनाइतकीच खरी ठरते : दोन्ही टोकांचे पाणी जुळेपर्यंत रुळाखाली फळ्या आणि पाचरी सारायच्या. यात तास गेला तरी जाऊ द्यावा, कारण कलता रूळ एडिटिंगमध्ये सरळ होत नाही. ट्रॉली हलकी असेल तर वर वाळूची पोती ठेवावीत. जड वस्तू बारीक धक्के मनावर घेत नाही. द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून अशी ट्रॉली नेली, की जवळचे खांब झरझर मागे पळतात आणि दूरचे रेंगाळतात. इतकी खोली स्थिर चौकटीत क्वचितच मिळते.

जिब : ट्रॉलीचे भावंड. तराजूच्या दांडीवर कॅमेरा उचलणारा हात. 2 किलोचा कॅमेरा टेकूपासून 6 फुटांवर असेल, तर मागे 2 फुटांवर 6 किलो लागतात. पुढची दांडी लांब असल्याने तिच्या भारापोटी आणखी थोडे. कॅमेऱ्याचे तोंड पातळीत राहावे म्हणून एकाखाली एक अशा दोन समांतर दांड्या घालतात. शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या विजेच्या तारांखाली जिब कधीही उभारू नये. उतरवताना आधी मागची वजने काढावीत आणि मगच कॅमेरा. उलट केले तर पुढचा हात झटक्यात वर उडतो, आणि जवळच्या माणसाच्या हनुवटीवर बसू शकतो.