मोटारगाडीची किल्ली
मोटारगाडीचे दार उघडणे, प्रज्वलन मंडल जोडणे व एंजिन सुरू करणे ही तिन्ही कामे एकाच किल्लीकडे येण्यास बराच काळ लागला. आरंभीच्या गाड्यांचे एंजिन हाताने दांडा फिरवून सुरू करावे लागे. चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् प्रारंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला. तथापि तो चालविण्यासाठी निराळे बटण किंवा पायाने दाबावयाची कळ असे. किल्ली फिरवताच एंजिन सुरू होण्याची सोय अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) क्रायस्लर कंपनीने १९४९ मध्ये केली. किल्ली काढल्यावर सुकाणू चक्र वा गाडीची गती अडली पाहिजे, असे बंधन त्या देशात १९७० पासून आले.

या काळातील किल्ली म्हणजे दाते पाडलेली धातूची पट्टी होती. जादा किल्ली हवी असल्यास कोणताही कुलूपवाला मूळ किल्लीवरून ती काही मिनिटांत कापून देई. अर्थात हीच सोय चोरालाही होती. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत एक छोटा विद्युत् रोधक बसविला. त्याची ठराविक १५ मूल्ये होती व चुकीच्या मूल्याची किल्ली लावल्यास गाडी काही मिनिटे सुरूच होत नसे. तरीही रोध मोजून तशीच किल्ली करणे अवघड नव्हते.

खरा बदल १९९० नंतरच्या दशकात झाला. किल्लीच्या मुठीत विद्युत् घटाविना चालणारी एक सूक्ष्म चकती बसविण्यात आली. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून सु. १२५ किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे क्षेत्र निर्माण होते. त्यातूनच ऊर्जा घेऊन चकती आपली ओळख कळविते. ती गाडीच्या संगणकातील नोंदीशी जुळली नाही, तर एंजिन चालू दिले जात नाही. यूरोपीय संघातील नव्या मोटारगाड्यांना अशी निश्चलक यंत्रणा ऑक्टोबर १९९८ पासून आवश्यक झाली. कॅनडात हे बंधन २००७ मध्ये आले. यामुळे जादा किल्ली नुसती कापून भागेना; गाडीशी तिची ओळख करून द्यावी लागू लागली. केवळ कापलेल्या किल्लीने दार उघडते, पण गाडी जागची हलत नाही.

ही ओळख मालकाने घरीच करून द्यावी, अशी तरतूद काही उत्पादकांनी ठेवली. फोर्ड कंपनीच्या अ. सं. सं. मधील अनेक नमुन्यांत पहिली नोंदलेली किल्ली लावून प्रज्वलन काही सेकंद चालू ठेवावयाचे, ते बंद करून लगेच दुसरी नोंदलेली किल्ली तशीच फिरवावयाची आणि ठराविक सेकंदांच्या आत नवी किल्ली लावावयाची, म्हणजे ती स्वीकारली जाते. अशा जास्तीत जास्त आठ किल्ल्या नोंदविता येतात. क्रायस्लरची पद्धतही अशीच होती. दोन निरनिराळ्या किल्ल्या ज्याच्या हाती आहेत तो मालकच असला पाहिजे, हे यामागील गृहीतक होय. दुरुस्तीसाठी गाडी व एक किल्ली ताब्यात घेणाऱ्यास परस्पर तिसरी करता येऊ नये, हा हेतू रास्तच होता. मात्र एक किल्ली हरवलेला मालक, किंवा जुनी गाडी एकाच किल्लीसह घेणारा ग्राहक, यंत्रणेच्या दृष्टीने परकाच ठरतो. ही मेख बहुतेकांच्या ध्यानी येते ती पहिली किल्ली हरवल्यानंतरच.

दूरनियंत्रक ही मुळात वेगळी यंत्रणा आहे. फ्रान्समधील रेनो फ्यूएगो या गाडीत ती १९८२ मध्ये आली. किल्ली व दूरनियंत्रक एकाच मुठीत असले, तरी एकाची नोंद झाली म्हणजे दुसऱ्याची झाली असे नव्हे. म्हणूनच त्यातील विद्युत् घट संपला, तरी चकतीमुळे एंजिन सुरू होते. दर वेळी तोच संकेत पाठविल्यास तो टिपून पुन्हा वापरता येईल, म्हणून प्रत्येक दाबणीस संकेत बदलण्याची पद्धत रूढ झाली. फोर्डच्या अनेक गाड्यांत प्रज्वलन कळ दहा सेकंदांत आठ वेळा फिरविली की, दारांची कुलपे आपोआप उघडमीट करून गाडी नोंदणीस तयार असल्याचे दर्शवितात. सर्व दूरनियंत्रक त्याच वेळी पुन्हा नोंदवावे लागतात, कारण जुनी यादी पुसली जाते. हे वरवर गैरसोयीचे वाटते, पण हरवलेला दूरनियंत्रक त्यामुळेच निरुपयोगी होतो.

चकतीतील गुप्तलेखनही अभेद्य नव्हते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ व आरएसए प्रयोगशाळा यांतील संशोधकांनी २००५ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या चकतीची ४० द्विमान अंकी गुप्तकिल्ली शोधून दाखविली. मेगामोस या चकतीवरील निबंध इंग्लंडमधील न्यायालयाच्या २०१३ च्या मनाईमुळे अडला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गुप्तता राखल्याने दोष नाहीसा होत नाही, हे या प्रकरणात दिसले. याउलट निश्चलक सरसकट निरर्थक ठरविणेही चूक होईल. अ. सं. सं. मध्ये तो सक्तीचा नसल्याने ह्युंदाई व किया यांच्या अनेक गाड्या त्याविना विकल्या गेल्या, आणि २०२१ नंतर त्यांच्या चोऱ्यांची लाटच आली.

नोंदणीची माहिती कोणाच्या हाती असावी, हा वाद यातूनच निर्माण झाला. मॅसॅचूसेट्स राज्याने २०१२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराचा कायदा केला व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना खुली केली. निश्चलकाची माहिती मात्र त्यातून वेगळी काढून, ओळख पडताळलेल्या व्यावसायिकांनाच सुरक्षित मार्गाने मिळण्याची व्यवस्था मान्य करण्यात आली. एकच किल्ली उरलेल्या मालकाला त्यामुळे अशा कुलूपवाल्याकडे किंवा विक्रेत्याकडे मालकीची कागदपत्रे घेऊन जावे लागते.