‘एसएलआर’ आणि तिचा बोल्ट कॅरियर

१४. मूळ मजकुरात ‘एसएलआर’ म्हणजे इच्छापूरच्या कारखान्यात बनलेली ७.६२ मिलिमीटरची अर्धस्वयंचलित रायफल. बेळगावात १९२२पासून असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्रात जवानांच्या कित्येक तुकड्या तिच्यावर तयार झाल्या.

गोळी सुटली की नळीतला थोडा वायू पिस्टनला मागे ढकलतो आणि पिस्टन कॅरियरला, म्हणजे बोल्ट वाहून नेणाऱ्या भागाला, धक्का देतो. कॅरियर मागे सरकताना, नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या बोल्टचे मागचे टोक वर उचलतो, कुलूप सुटते आणि रिकामे काडतूस बाहेर पडते. बोल्ट रायफलच्या सांगाड्यातच अडकत असल्याने तो सांगाडा भक्कम, म्हणून जडही ठेवावा लागतो.

वाळवंटात मात्र ही रचना अडे. गुळगुळीत कॅरियर आणि सांगाडा यांच्यात वाळू गच्च बसे. ब्रिटिशांनी त्यावर नेमका उपाय केला: कॅरियरच्या अंगावर तिरक्या खाचा पाडल्या, म्हणजे वाळूला सरकायला जागा मिळाली.

कारगिलच्या युद्धात, १९९९ साली, जवानांच्या हाती ‘एसएलआर’ऐवजी ५.५६ मिलिमीटरची ‘इन्सास’ होती. तिचा पिस्टन कॅरियरलाच जोडलेला असतो आणि बोल्ट गोल फिरून कुलूपबंद होतो. जोडीने मागे येणारे हे वजन धूळ-चिखलातही यंत्रणा रेटून नेते. हीच पद्धत ‘एके’ रायफलींत आहे. २०१९मध्ये भारताने खरेदीचा करार केलेल्या ‘सिग ७१६’मध्येही बोल्ट फिरणाराच आहे, पण पिस्टन कॅरियरला ढकलून थांबतो. त्यामुळे मागेपुढे होणारे वजन घटते.