हरवलेली हुंडी

पेशवाईंत काशीयात्रेस निघणारा गृहस्थ सारी पुंजी कमरेला बांधून नेत नसे. वाटेंत चोरांचें भय. म्हणून तो आपल्या गांवच्या सावकाराकडे रक्कम भरी व काशीच्या पेढीवरची हुंडी घेई. परंतु कागदही चोरीस जातो. दुसराच कोणी ती हुंडी घेऊन पेढीवर उभा राहिला, तर परक्या मुलखांत खऱ्या धन्यानें कोणाच्या तोंडाकडे पाहावें?

सराफांनीं याचा विचार आधींच केलेला होता. हुंडींत नुसते ‘रुपये १०००’ न लिहितां ‘निमे पांचशें, त्यांची दुप्पट’ असेंही लिहीत. त्यामुळें एक शून्य वाढवून लबाडाचें भागत नसे. दुसरा बंदोबस्त ‘शाहाजोग’ या शब्दांत होता. अशा हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हातीं पडत नसत. बाजारांत पत असलेल्या शाहाच्याच हातीं पडत. पुढें हुंडी चोरीची किंवा बनावट ठरली, तर रक्कम व्याजासह परत करणें त्या शाहाला भाग असे. साहजिकच अनोळखी माणसाची हुंडी हातीं धरण्यापूर्वीं तो कसून चौकशी करी.

हुंडी हरवली तर धन्याचें काम एकच : विनाविलंब वर्दी देणें. मग सावकार दुसरी प्रत देई, तिला ‘पेंठ’ म्हणत. तीही गहाळ झाल्यास ‘परपेंठ’ मिळे. ‘मूळ हुंडीचे पैसे दिले नसल्यास हे द्यावे’ असा तींत आशय असे. १८८१ सालच्या कायद्यानेंही देशी भाषांतील हुंड्यांच्या या रूढी कायम ठेविल्या.

आज प्रवाशाच्या खिशांत क्रेडिट कार्ड असतें; चोर कार्डास हात न लावतां त्यावरील अंक व धन्याचें नांव तेवढें चोरतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकांत जुन्या पेढीचाच न्याय दिसतो. दोष बँकेचा नाहीं व ग्राहकाचाही नाहीं, आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकानें बँकेस कळविलें, तर नुकसानीचा भार त्याच्यावर पडूं नये, असें तींत ठरलें. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचें ओझेंही बँकेवरच टाकलें. मात्र गुप्त अंक त्यानें स्वतःच परक्यास सांगितला असेल, तर वर्दी देईपर्यंतचें नुकसान त्याचें.

फसलेला मनुष्य पुष्कळदां लाजेनें चार दिवस गप्प बसतो. काशीच्या वाटेवरील यात्रेकरूला ही चैन परवडत नसे. हुंडी एकदां पटली कीं पेंठ निरुपयोगी होई, हें तो जाणून होता.