जैववैद्यकीय कचरा

मनुष्य व प्राणी यांचे रोगनिदान, उपचार, लसीकरण किंवा तत्संबंधी संशोधन करताना निर्माण होणाऱ्या कचऱ्यास जैववैद्यकीय कचरा असे म्हणतात. रुग्णालये, दवाखाने, प्रयोगशाळा, रक्तपेढ्या व पशुवैद्यकीय संस्था ही त्याची प्रमुख उगमस्थाने होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार आरोग्यसेवेतील सुमारे ८५ टक्के कचरा सर्वसाधारण, तर सुमारे १५ टक्के धोकादायक असतो. दोन्ही एकत्र मिसळल्यास मात्र सर्वच कचरा धोकादायक मानावा लागतो. म्हणून उगमस्थानी केलेले वर्गीकरण हा सुरक्षित विल्हेवाटीचा पाया होय.

धोके

दूषित सुई टोचल्यास हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी व एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. परिचारिकांइतकाच हा धोका सफाई कामगार व कचरावेचक यांनाही संभवतो. २००९ साली गुजरातमधील मोडासा परिसरात हिपॅटायटिस बी रोगाची साथ पसरून अनेकांचा मृत्यू झाला. वापरलेल्या सिरिंजांचा पुनर्वापर हे तिचे कारण मानले गेले.

कायदा

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये भारतात १९९८ साली यासंबंधीचे नियम प्रथम लागू झाले. त्यांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते.

वर्गीकरण

* पिवळा : अवयव व ऊती, रक्ताने माखलेला कापूस व मलमपट्ट्या, मुदत संपलेली औषधे.
* लाल : नळ्या, सलाइनच्या बाटल्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा.
* पांढरा : सुया, ब्लेड आदी धारदार वस्तू. यासाठी सुई आरपार न जाणारा डबा वापरतात.
* निळा : काचेच्या बाटल्या व कुप्या, शरीरात बसवण्याचे धातूचे भाग.

हाताळणी व विल्हेवाट

वापरलेल्या सुईवर हाताने पुन्हा टोपण बसवणे धोक्याचे असते. प्रक्रिया न केलेला कचरा सामान्यतः ४८ तासांहून अधिक काळ साठवता येत नाही. ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र उपलब्ध असल्यास रुग्णालयाला स्वतःचे केंद्र उभारता येत नाही.

पिवळ्या पिशवीतील कचरा प्रामुख्याने दोन कक्षांच्या भट्टीत जाळतात. दुसऱ्या कक्षातील तापमान सुमारे १०५० अंश सेल्सिअस असते. लाल पिशवीतील प्लॅस्टिक उच्च दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून त्याचे तुकडे करतात व ते पुनर्चक्रणास पाठवतात. तुकडे केल्यामुळे सिरिंज पुन्हा बाजारात येऊ शकत नाही. क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक जाळल्यास डायॉक्सिन ही विषारी संयुगे निर्माण होतात, त्यामुळे ते भट्टीत टाकणे टाळतात.

घरगुती कचरा

मधुमेही रुग्ण घरी वापरत असलेल्या इन्सुलिनच्या सुया ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. त्या झाकणाच्या जाड डब्यात साठवून, तशी चिठ्ठी लावून स्वतंत्रपणे सोपवणे आवश्यक असते.