ध्यान आणि मेंदूतली वीज

आळत्याच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसून आलेला आमच्या वस्तीतला तरुण मला म्हणाला, "सर, ध्यानानं मेंदूतली वीज बदलते. विज्ञानानं सिद्ध केलंय." मी विचारले, "कुणाच्या मेंदूतली?" त्याला प्रश्न कळला नाही. पण या प्रश्नालाही इतिहास आहे.

मानवी मेंदूतील विद्युत्प्रवाहाची पहिली नोंद हान्स बर्गर या जर्मन डॉक्टराने १९२४ साली केली व १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यात सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा हलणारी लहर उमटते. ती अल्फा लहर. डोळे उघडले की ती मावळते. अल्फासाठी ना जानवे लागते, ना गुरुमंत्र!

त्याच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम काढले आणि योगाला प्रयोगशाळेत आणले. १९५७ मध्ये अमेरिकेतून बागची व वेंगर यंत्रे घेऊन लोणावळ्यासह भारतभर फिरले. योग्यांमध्ये त्यांना झोपेविना खोल शिथिलता दिसली. १९६१ मध्ये दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी समाधिस्थ योग्यांपुढे प्रकाश टाकला, आवाज केले, तापलेली काचनळी त्यांच्या अंगाला लावली. अल्फा मोडली नाही. दोघांनी तर ४ अंशांच्या पाण्यात ४५ ते ५५ मिनिटे हात बुडवून ठेवला, तरीही नाही.

हे वाचताना मला वडील आठवले. पौषातल्या रात्री ते दुसऱ्याच्या उसात, घोटाभर गार पाण्यात उभे राहून दारे धरीत. ती समाधी नव्हती, मजुरी होती; म्हणून त्यांच्या डोक्याला तारा लावायचे कुणाला सुचले नाही. ज्यांच्या सहनशक्तीला समाजाने आधीच 'साधना' म्हटले होते, त्यांचीच तपासणी झाली.

आणि साधनेचा अधिकार कुणाला होता? याच कोल्हापुरात १८९९ साली पंचगंगेवर खुद्द शाहू छत्रपतींसाठी पुरोहिताने वेदोक्त मंत्र म्हणायचे नाकारले. राजाची ही कथा, तिथे महारामांगांचे काय? इगतपुरीला १९७६ पासून सुरू झालेल्या विपश्यनेच्या पद्धतीत मात्र जात विचारीत नाहीत. याच परंपरेतल्या १६ साधकांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ध्यानात त्यांच्या डोक्याच्या मागच्या भागात गॅमा ही जलद लहर वाढलेली आढळली. दीर्घकाळ नियमित बसणाऱ्यांत ती अधिक. अर्थात १६ ही संख्या लहान, आणि कवटीवरच्या स्नायूंची वीजही गॅमात मिसळू शकते. 'सिद्ध' हा शब्द जपून वापरावा.

"म्हणजे बसू नको म्हणता?" तो चिडला.

नाही. आमच्या पूर्वजांना नाकारलेले मौन त्याने घेतले, याचा मला आनंदच आहे. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत विचारले आहे, की बुद्धाला भिक्षू कसा हवा होता: स्वतःपुरता परिपूर्ण माणूस, की समाजसेवक? केंद्रातून परतल्यापासून हा मुलगा वस्तीच्या अभ्यासिकेकडे फिरकला नव्हता. दहावीची पोरे दारावरून परत जात होती.

किल्ली माझ्या खिशात होती. ती मी त्याच्यापुढे ठेवली.

"पहाटे बस," म्हटले. "संध्याकाळी सातला कुलूप उघड."